सोवळ्यातली बिअर

मंडळी, जरा जवळ सरका, ही गोष्ट मोठ्याने बोलण्यातली नाही. पुण्यातली चांगल्या घरची पोरं हल्ली बिअर पिण्याआधी तिचा वास घेतात. पेला नाकाशी धरतात, डोळे मिटतात, श्वास आत ओढतात आणि एकमेकांकडे बघून माना डोलावतात. आमच्या वेळी ह्याच वासापायी बडीशेपेचे बकाणे भरले जायचे, वेलदोडे चघळले जायचे, जिना चढताना श्वास रोखून धरला जायचा. आता तोच वास चारशे रुपये मोजून घ्यायचा आणि वर त्यावर दोन वाक्यं बोलायची! पिणं एक वेळ समजू शकतो हो. पण पिण्याचं रसग्रहण? आणि त्यालाही मार्क असतात बरं का. मोबाइलवर अनटॅप्ड नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर प्यायलेल्या बिअरला पाचपैकी गुण द्यायचे. दहावीच्या निबंधाला ज्यांनी कधी पेन नीट धरलं नाही, ती पोरं तिथे चार-चार ओळींचे अभिप्राय लिहितात.

हे जिथे चालतं त्या जागेला बार म्हणायचं नाही. बार म्हटलं की तिथली मंडळी दुखावतात. टॅपरूम म्हणायचं, नाहीतर ब्रूपब, आणि आत काचेपलीकडे पुरुषभर उंचीची स्टीलची पिंपं उभी असली तर मायक्रोब्रूअरी. बाटली नावाची वस्तू तिथे नाहीच. बिअर तिथल्या तिथे शिजते, पिंपात आठवडा-दोन आठवडे आंबते आणि नळाने थेट पेल्यात येते. हे ऐकल्यावर माझी मोठी जाऊ म्हणाली, "अगंबाई! आमच्या नळाला दिवसाआड पाणी आणि ह्यांच्या नळाला चोवीस तास बिअर!"

बरं, हे खूळ कोणीतरी बाहेरून आणून सोडलं, असं म्हणून हात झटकायचीही सोय नाही. पापाचा उगम पुण्यातच. २००९ साली एनआयबीएमच्या पलीकडे, कोरिंथियन्स क्लबात, डूलाली सुरू झालं. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रूअरींपैकी एक. काढणारे कोण? एक प्रतीक चतुर्वेदी आणि दुसरे, कान इकडे करा, सुकेतू तळेकर. तळेकर! बिअर करायला ऑलिव्हर शाउफ नावाचे जर्मन जाणकार होते, म्हणजे मूळ हात तरी परका, एवढंच काय ते समाधान. नावसुद्धा आपल्या देवळालीवरून. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर तिथल्या छावणीत भ्रमिष्ट व्हायचे, म्हणून. पुढे पाच-सहा वर्षांत मुंढव्याला इंडिपेन्डन्स आलं, कोरेगाव पार्कात एफिंगट आलं, आणि आता तर नदीच्या कुठल्याही बाजूला रिक्षा वळवा, कुठे ना कुठे एक दाढीवाला पोरगा उजेडात पेला धरून रंग बघताना दिसणारच.

पुण्याचं सोडा, पुणं पहिल्यापासूनच आगाऊ. पण डोंबिवली? ज्या डोंबिवलीतून गुढीपाडव्याच्या शोभायात्रा सुरू झाल्या, त्या डोंबिवलीत गेटवे ब्रूइंग कंपनी बिअर करायला लागली, आणि ती पिंपांतून मुंबईच्या पबांत जायला लागली! म्हणजे बघा, सकाळी चाकरमानी लोकलला लटकून मुंबईला, त्याच्या मागोमाग त्याच्याच गावची बिअर गाडीत आडवी पडून मुंबईला, आणि संध्याकाळी दोघांची गाठ लोअर परळला. चाकरमानी तिला ओळखतही नाही. तो तिचे साडेचारशे रुपये देतो आणि विचारतो, "इम्पोर्टेड आहे का?"

लोअर परळचं निघालंच आहे तर सांगते. बंगळूरच्या टॉइटने मथुरादास मिल कंपाउंडात आपली शाखा थाटली आहे. ह्या भागातल्या बहुतेक जागांची सजावट एका साच्यातली: विटांच्या उघड्या भिंती, छताचे नागडे पाइप, मुद्दाम गंजवलेलं लोखंड. गिरणीचा देखावा, आणि तो गिरणगावात. १९८२ च्या संपात दत्ता सामंतांच्या मागे जे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले बहुतेक त्या पाइपांखाली परत आलेच नाहीत. पाइपांना मात्र आता मंद पिवळ्या दिव्यांची रोषणाई असते. ह्यावर मला नाक मुरडायचं नाही, नुसतं नाक मुरडून भागण्यातली ही गोष्ट नाही. पुढे चला.

तर माझा भाचा. हिंजवडीत नोकरी, बालेवाडीत फ्लॅट, लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवतो. तो म्हणाला, "मावशी, तू नुसतीच लांबून बोलतेस, एकदा चल तरी." मी गेले. शेजाऱ्यांना सांगितलं, डोळे तपासायला चाललेय.

आत शिरल्यावर पहिला धक्का म्हणजे उजेड. परमिट रूममध्ये कसं, शेजारच्या टेबलावर आपले हेडमास्तर बसले असले तरी दिसू नयेत इतपत अंधार असतो. ती सोय असते, दोन्ही बाजूंची. इथे भिंतभर काच, रस्त्यावरून जाणाऱ्या पीएमपीतल्या माणसालाही दिसावं की कोण काय पितंय. दुसरा धक्का टेबलाखाली होता. मी पाय लांब केले तर कोणीतरी चाटले. लॅब्रडॉर. त्याच्यासाठी वेगळा स्टीलचा वाडगा, त्यात पाणी, आणि वेटर त्याला नावाने हाक मारत होता. आमच्या यजमानांना चाळीस वर्षं एका हॉटेलात जाऊन वेटरने कधी नावाने हाक मारलेली नाही.

भिंतीवर काळा फळा. त्यावर खडूने बिअरची नावं, पुढे मद्यार्काची टक्केवारी आणि त्याच्याही पुढे कडूपणाचा आकडा. हो, कडूपणा मोजतात. कारल्याची भाजी आयुष्यात ताटात राहू न देणारा माझा भाचा अभिमानाने म्हणाला, "माझा पंचावन्न-साठपर्यंत जातो." मग आली लाकडी फळी. फळीला सहा खाचा, खाचांत सहा चिमुकले पेले, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत ओळीने लावलेले. ह्याला सँपलर म्हणतात. आधी सगळ्यांची चव घ्यायची, मग एकीशी बोलणी पक्की करायची. मी भाच्याला म्हटलं, "स्थळांच्या बाबतीत हीच पद्धत ठेवली असतीस तर आज तुझ्या आईला ब्लडप्रेशरची गोळी लागली नसती." तो म्हणाला, "मावशी, आधी पाणी पी, जिभेवरची चव जाऊ दे."

इथे मला उमगलं की हा सगळा प्रकार मी चुलत आजेसासूबाईंच्या स्वयंपाकघरात आधी पाहिलेला आहे. हे सोवळं आहे! शंभर टक्के सोवळं. जे आम्ही महत्प्रयासाने घराबाहेर काढलं, ते ह्या पोरांनी बारमध्ये नेऊन परत पाळायला घेतलंय. प्रत्येक बिअरला तिचंच भांडं: गव्हाच्या बिअरला उंच निमुळतं, काळ्या स्टाउटला बुटकं पोटाचं. एकीच्या भांड्यात दुसरी घातली की विटाळ. भांडं भरण्याआधी आतून पाण्याने विसळायचं. बर्फ मागितलात तर टेबलावर शांतता पसरते. मी धीर करून विचारलं, "ह्यात थोडं स्प्राइट घातलं तर?" तर भाच्याचा तो दाढीवाला मित्र खुर्चीत दोन इंच मागे सरकला. आणि चुकून कोणी बाटलीतल्या स्ट्राँग बिअरचं नाव काढलं, जी ह्यातल्याच प्रत्येकाने कॉलेजात हॉस्टेलच्या गच्चीवर वर्तमानपत्रात गुंडाळून प्यायलेली आहे, तर असे बघतात की त्या माणसाला आता शुद्ध करून घ्यावं लागणार.

शास्त्राधारही असतो. दाढीवाल्याने मला समजावलं की १५१६ साली बव्हेरियात कायदा झाला, बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स नावाची कडू फुलं ह्या तीन गोष्टींपलीकडे काही घालायचं नाही. मी विचारलं, "मग आंबवतात कशाने? विरजण कुठे?" तर म्हणे यीस्टचा त्या कायद्यात उल्लेखच नाही, कारण तेव्हा यीस्ट ही काय चीज आहे हे ठाऊकच नव्हतं. वा! म्हणजे जिच्यावाचून काही घडत नाही तिचं नाव पोथीत नाही. आमच्याकडेही मुंजीच्या पत्रिकेत आचाऱ्याचं नाव नसतं.

ही झाली जर्मन शाखा. बेल्जियन शाखेचे आचार निराळे. ते गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. धणे! मी फळीवरचा तिसरा पेला नाकाशी नेला आणि खरंच धण्यांचा वास आला. ही चाल बंद पडली होती, ती हूगार्डन गावच्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६६ साली परत सुरू केली, अशी माहितीही मिळाली. दूधवाल्याने! आमच्या दूधवाल्याला मी अजून हे कळू दिलेलं नाही. पाणी घालतो तेवढं पुरे आहे. माकडाच्या चित्राची ती बीरा आहे ना, २०१५ साली आली आणि पोरासोरांच्या तोंडी झाली, तिची पांढरी बिअर ह्याच शाखेतली. पहिले काही घाणे तर थेट बेल्जियममधून करून आणले होते.

खरा वाद झाला केळ्यावरून. दुसऱ्या पेल्यातल्या बिअरचं नाव हेफेवायझन. भाचा म्हणाला, "केळ्याचा वास येतोय? मागे लवंग आहे बघ." मी घेतला वास. आला. केळं, लवंग, अगदी स्वच्छ. मी वेटरला बोलावून विचारलं, केळी कुठली घालता, वेलची का बसराई? पोरगा बिचारा कावराबावरा. दाढीवाल्याने सोडवणूक केली: केळं घालत नाहीत, लवंगही घालत नाहीत, ते वास यीस्ट स्वतःच तयार करतं, पिंपाचं तापमान थोडं वर गेलं की केळं वाढतं, खाली आलं की लवंग. आता मला सांगा, न घातलेल्या केळ्याचे पैसे घेणाऱ्या ह्या लोकांना काय म्हणायचं? त्यातून मला ती आवडली, हे कोणाला सांगू नका. माझी ही सगळी चर्चा दुसऱ्याच्या व्यसनांबद्दल आहे.

शेवटून दुसरा पेला आयपीएचा. ह्याचं लांबलचक नाव इंडिया पेल एल. मी म्हटलं, चला, काहीतरी आपलं. कसलं आपलं! लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्यातून ही फिकी, जास्त हॉप्सची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटींवर चढायची, केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला उतरायची. हॉप्स जास्त म्हणजे टिकाऊपणा जास्त, आणि कडूपणाही. साहेब प्यायचा, इंडियाने फक्त पिंपं उतरवली. आता तीच बिअर गोव्यात होते. साळगावच्या अलीकडे सांगोल्ड्याला गोवा ब्रूइंग कंपनी आहे, तिच्या आयपीएचं नाव एट फिंगर एडी. हा एडी कोण, तर हणजुणे किनाऱ्यावरच्या हिप्पींचा म्होरक्या. म्हणजे साहेबाची बिअर, हिप्पीचं नाव, आणि पिणारा कोथरूडचा. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच साली पुण्यात डूलाली सुरू झालं, हा निव्वळ योगायोग. पण गोव्याला जाऊन काजूच्या उर्राकला नाक मुरडणारा आणि आयपीएसाठी भाड्याची स्कूटर अर्धा तास दामटणारा पुणेकर मी ह्या डोळ्यांनी पाहिला आहे. थोड्या प्रमाणात, हाताने, मोसमापुरतं केलेलं पेय पाहिजे म्हणतात ना? उर्राक आणखी काय असते! पण तिला फळीवर कोणी लावत नाही.

चव? आयपीएची? किराईत. लहानपणी जंत पडावेत म्हणून आजी द्यायची ते. नाक दाबायला आजी नाही, एवढाच फरक.

आता कायद्याची गंमत ऐका. ह्या सगळ्या काचा, फळे, पिंपं, लॅब्रडॉर ज्या छताखाली नांदतात, त्या छताखाली अजून १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. महाराष्ट्रात दारू प्यायला माणसाकडे परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना, तहहयात हवा तर हजार रुपयांना. आणि त्या परवान्यावर कारण काय छापलेलं असतं? प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! मोरारजीभाईंच्या काळापासूनचं हे औषधाचं सोंग, ज्याच्यामुळे दारू प्यायच्या जागेला परमिट रूम नाव पडलं. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ह्या सोंगाचा मान राखला. मान खाली घालून जायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे, चकण्याचे दाणे आवाज न करता चावायचे. औषध घेतल्याचा भाव चेहऱ्यावर असायचा. ही पोरं तिथे जाऊन हसतात. फोटो काढतात. चकण्याला बार बाइट्स म्हणतात आणि कांदा-टोमॅटो घातलेल्या शेंगदाण्यांचे पावणेदोनशे रुपये देतात. दाणे दगडी पाटीवर येतात. पाटीवर!

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तळीरामाने आर्य मदिरा मंडळ काढलं होतं, आठवतंय? १९१९ साली नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हा प्रेक्षक हसले आणि हादरले. आज ते मंडळ खरोखर भरतं, दर आठवड्याला, फळीसकट. पण तळीरामाला तिथे प्रवेश मिळणार नाही. त्याला पुरेसं माहीत नाही. तो नुसताच पितो.

आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. लोकांना वाटतं की मी ह्या पोरांच्या बिघडण्यावर बोलतेय. अहो, बिघडतायत कुठे! तीन तास मी तिथे बसले, एकाचाही तोल गेला नाही. कोणी रडलं नाही. कोणी जुन्या मैत्रिणीला फोन लावला नाही. "तू माझा भाऊ आहेस" असं कोणी कोणाच्या गळ्यात पडून म्हणालं नाही. शेजारच्या टेबलावर चार इंजिनिअर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होते. डूलालीने पहिल्यापासून बोर्डगेमची चाल पाडली, ती सगळीकडे पसरली. तिशीतले घोडे साप-शिडी खेळतात आणि हरले तर खरंच चिडतात. साडेदहाला एकेक उठायला लागले. मी म्हटलं, आता पुढे कुठे, ह्याच्याहून वाईट ठिकाणी का? तर म्हणे घरी. सकाळी सहाला सिंहगड आहे. बिअर पिऊन सिंहगड! पिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत डोक्याला अमृतांजन चोळून पडावं, बायकोने ताक आपटावं, पोरांनी पाय न वाजवता चालावं, ही घराघरातली रीत. ती मोडली.

एका बाबतीत मात्र माझं तोंड बंद झालं. कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर एक मुलगी एकटीच बसली होती. खणाचं जाकीट, नाकात चमकी, समोर काळ्या स्टाउटचा अर्धा पेला आणि हातात पुस्तक. तास-दीड तास. कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, कोणी शेजारी येऊन बसलं नाही, वेटरने "मॅडम, फॅमिली सेक्शन वर आहे" असं म्हटलं नाही. ज्यांनी परमिट रूमचा तो वरचा पडदेवाला मजला पाहिलाय, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. मला बिअर कळत नाही, पण एकट्या बाईला पुस्तकाचं पान उलटता येईल अशी जागा कळते. पुण्यात वाचनालयं सोडली तर अशा जागा फार नाहीत, आणि वाचनालयं सातला बंद होतात.

दारात माझ्या भाच्याच्या मैत्रिणीकडे आधार कार्ड मागितलं, ती एकतीस वर्षांची आहे. राज्याचा नियम असा: बिअर आणि वाइनला वय २१ पूर्ण, बाकी कडक मालाला २५. हे पूर्वीही होतं, कोणी विचारत नव्हतं. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोराने दारू पिऊन गाडी हाणली आणि दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर विचारायला लागले. ह्या एका प्रकरणाची चर्चा खमंग होत नाही. त्या पोराला ज्यांनी पेला दिला, त्यांनी त्यात हेफेवायझन दिली का पिल्सनर, ह्याने काही फरक पडत नाही.

हां, तर गाईंचं राहिलंच. भाच्याकडून एक बातमी हाती लागली आणि मी ती सोसायटीत सोडली. परिणाम तुम्हाला सांगते. बार्लीचं माल्ट भरडतात, गरम पाण्यात ठेवतात, त्यातला गोडवा पाण्यात उतरला की पाणी पुढे उकळायला जातं आणि मागे उरतो ओला चोथा. पोतीच्या पोती. हा चोथा गोठ्यांत जातो, जनावरं आवडीने खातात. मी एवढंच म्हटलं होतं. दोन तासांत वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दूध बदललं. "गाय बिअर पिते आणि आपण तिचं दूध नैवेद्याला दाखवतो?" मी परोपरीने सांगितलं, अहो, चोथा आंबवायच्या आधीच निघतो, दारू होते नंतर, गाईच्या पोटात जाते ती नुसती बार्ली. पण खमंग बातमीला असा खुलासा कधी चिकटतो का? आता त्या पिशवीचं दूध घेतात. पिशवीच्या गाईने काय खाल्लं हे निदान कळत तरी नाही.

पिणाऱ्यांत एक गट देशाभिमान्यांचा. त्यांना परदेशी केळं-लवंग चालत नाही, आपलं पाहिजे. त्यांच्यासाठी पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम घालून खारट बिअर काढली, आणि ती गाजली. उन्हाळ्यात ठिकठिकाणी आंब्याची निघते. रत्नागिरीच्या आमच्या दिरांना मी हे कळवलं. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हापूस?" मी म्हटलं, असेल. त्यांनी फोन ठेवला. ह्याच गटात तिसऱ्या पेल्यानंतर सोमरसाचा विषय हमखास निघतो: वेदांत सगळं आहे, आपणच आधी केलं. सोम म्हणजे नेमकी कुठली वनस्पती ह्यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. पण टेबल क्रमांक चारवर ते होतं.

आता ताजी खबर. आमच्या भिशीतल्या बायकांनी ठरवलंय की पुढची भिशी टॅपरूमला. मी विरोध केला, तो एकमताने फेटाळला गेला. माझं मतही विरोधकांनीच मोजलं. परवान्यांचे प्रत्येकी पाच रुपये भिशीच्या पेटीतून काढायचे, प्रकृतिस्वास्थ्याचं कारण असल्यामुळे हिशेबात औषधाखाली लिहायचे, असा ठराव झाला. तारीख काढली तर मंगळवार, आणि नेमकी अंगारकी. निम्म्या जणींचा उपास. झालं, बेत फिसकटला म्हणून मी सुटकेचा श्वास टाकतेय, तोच दूध बदललेल्या त्याच काकूंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आपल्या पुण्यात मधाची करतात ना काहीतरी, ती कशी असते?" नातीने सांगितलं असणार. करतात; मूनशाइन मीडरी, आशियातली पहिली म्हणतात. मीड. मध, पाणी आणि यीस्ट.

"म्हणजे धान्य नाही," काकू म्हणाल्या.

नाही.

"गहू नाही, जव नाही."

नाही.

"मध तर पंचामृतात असतो."

माझी जाऊ म्हणाली, यीस्टचं काय? काकू म्हणाल्या, उपासाला दही चालतं ना, ते काय आपोआप लागतं? कोणीतरी सफरचंदाची सायडर सुचवली, फळ आहे म्हणून. तिच्यावर फारशी चर्चा झाली नाही, ती सरळ मंजूर झाली. मीडवर मात्र दोन तट पडलेत. एक तट म्हणतो चालते, पण चंद्रोदयानंतर. दुसरा म्हणतो चंद्रोदयानंतर उपासच सुटतो, मग मीड कशाला, गव्हाचीच घ्या, केळ्याच्या वासाची. गुरुजींना विचारायचं ठरलं आहे, पण विचारायचं कोणी, इथे घोडं अडलंय.